जर्मन कुकर आणि उकडा तांदूळ

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर एकामागून एक चिन्हं यायला लागली. थांबेचनात. शेजारी बसलेली चेची माझ्या कानाशी लागली, "ताई, जाहिराती संपल्या नाहीत अजून?"

मी म्हटलं, "जाहिराती नव्हेत, हे पैसे घालणारे."

"एवढे जण? म्हणजे कुणाकडेच फारसे नव्हते!"

तिचं खरंच आहे. पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' हा सिनेमा भारत, फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि इटली अशा पाच देशांनी मिळून केलाय. हा प्रकार आपल्या भिशीसारखाच. प्रत्येक देशाचा कुठलातरी फंड थोडे थोडे पैसे घालतो, त्या बदल्यात थोडं काम आपल्या माणसांना मिळावं म्हणतो, आणि मग सगळ्यांची नावं सुरुवातीला लागतात. एवढ्या गावचं पाणी एकत्र केलेल्या आमटीला चव कुठली, अशी मला धास्ती होती. ती फुकट गेली. परळच्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला चूक काढायला फार जागा मिळू नये, इतका हा सिनेमा इथला आहे.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी सिनेमाची जाणकार वगैरे नाही. लालबागच्या चाळीत वाढले, वडील गिरणीत साचेवाले, गाव राजापूर तालुक्यात. नर्सिंगचं ट्रेनिंग चालू असतानाच १८ जानेवारी १९८२चा संप झाला आणि माझ्या स्टायपेंडवर घर चाललं. पुढे स्टाफ नर्स, मग इंचार्ज, २०२०मध्ये निवृत्त. चेची माझ्याबरोबर लेबर वॉर्डात लागली. ती कोट्टयमची. मी तिला चेची म्हणते, ती मला ताई म्हणते; दोन्हींचा अर्थ मोठी बहीण, त्यामुळे आमच्यात धाकटी कोण हे चाळीस वर्षांत ठरलेलं नाही.

तिचा मुंबईतला पहिला आठवडा. एक बाळंतीण ओरडत होती, "सिस्टर, कळ येते हो, कळ!" चेची गोंधळली. मल्याळममध्ये 'कळ' म्हणजे शेतात उगवणारं तण. या बाईच्या पोटात गवत कसलं आलं, म्हणून ती मला बोलवायला धावत आली. पण एक गोष्ट मी त्याच दिवशी हेरली. तिला 'ळ' येत होता. आमचे उत्तरेकडचे वॉर्डबॉय वीस वर्षं मुंबईत राहून 'बाल' आणि 'केला' म्हणायचे. ही चौथ्या दिवशी 'बाळ रडतंय' असं स्वच्छ म्हणाली. मराठी यायला तिला वर्ष लागलं, पण 'ळ' ती गावाहून घेऊनच आली होती.

तर हा सिनेमा आम्ही दोघींनी मिळून पाहिला, आणि माझं पहिलं सांगणं हेच, की तुम्हीही तो एकट्यानं पाहू नका. यात मल्याळम आहे, हिंदी आहे, मराठी आहे. जी भाषा तुम्हाला येत नाही ती येणारं माणूस शेजारी बसवा. माझ्या शोला खाली इंग्रजी अक्षरं येत होती. ती वाचून गोष्ट कळते. पण मल्याळममधून कोण कधी हिंदीत शिरलं, नर्सिणी आपापसात काय बोलतात आणि पेशंटसमोर काय, हे त्या अक्षरांत दिसत नाही. चेची मला कोपरानं ढोसून सांगायची, "आता ती रागावून बोलली, पण प्रेमानं रागावली." मी तिला मराठी सांगायची. पुढच्या रांगेतल्या मुलानं दोनदा मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा नाही पाहिलं. बहुधा त्यालाही ऐकायचं असावं.

गोष्ट तीन बायकांची. प्रभा ही हॉस्पिटलातली सीनियर सिस्टर. नवरा लग्न झाल्यावर जर्मनीला गेला, तिथे कारखान्यात आहे, आणि वर्षभरात त्याचा फोन नाही. अनू तिच्याच खोलीत राहणारी, वयानं लहान, जिभेनं तिखट. तिचं शियाझ नावाच्या मुसलमान मुलावर प्रेम आहे, तोही मल्याळीच. घरून फोनवर स्थळांचे फोटो येतायत आणि ही ते बघून हसतेय. तिसरी पार्वती, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी, रत्नागिरीकडची विधवा. ज्या चाळीत तिची वीस-बावीस वर्षं गेली ती पाडून बिल्डरला टॉवर उभा करायचाय, आणि ही खोली आपली आहे हे सांगणारा एकही कागद तिच्याकडे नाही. अर्धा सिनेमा मुंबईत, पावसात. मग पार्वती गावी परत जायचं ठरवते, दोघी तिला पोचवायला जातात, आणि उरलेला सिनेमा समुद्राकाठच्या गावात.

एवढंच. मारामारी नाही, खलनायक नाही. बिल्डर तर आपल्याला दिसतही नाही, त्याची फक्त जाहिरात दिसते.

आता कुकरची गोष्ट. एक दिवस खोलीवर खोकं येतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. उघडतात तर आत चकाकणारा लाल राइस कुकर, बुडाला लिहिलेलं 'जर्मनीत बनवलेला'. मग नवऱ्यानंच पाठवला असणार. चिठ्ठी नाही, फोन नाही, फक्त कुकर. प्रभा तो बाजूला सरकवून ठेवते. आणि नंतर एका रात्री, अनू झोपल्यावर, फरशीवर बसून ती तो कुकर दोन्ही पायांत घेऊन कवटाळते. कुणी रडत नाही, मागे व्हायोलिन वाजत नाही. बाई आणि भांडं.

इथे चेचीनं मला काही समजावलं नाही. तिचा हात माझ्या हातावर होता तो तसाच राहिला.

तिचा नवरा कुवेतला होता. त्या काळी चाळीत फोन कुठला. खालच्या किराणावाल्याचा पी.पी. नंबर, तोही त्याच्या मर्जीवर. म्हणून तो पत्राऐवजी कॅसेट पाठवायचा. गल्फमध्ये गेलेले पुष्कळ जण तसंच करायचे. टेपरेकॉर्डर समोर ठेवून तासभर बोलायचं आणि येणाऱ्याच्या हाती कॅसेट द्यायची. चेची नाईट करून आली की दार लावून ती ऐकायची. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. ऑगस्ट १९९०मध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि दोन महिने काही खबर नव्हती. दोन महिने ती एकच जुनी कॅसेट ऐकत होती. मग तो अम्मानहून विमानानं मुंबईत उतरला, अंगावरच्या कपड्यांनिशी. त्यामुळे तिची गोष्ट प्रभासारखी नाही. पण ते दोन महिने होते ना.

इंटरव्हलला मी विचारलं, "काय गं, गप्प का?" तर म्हणाली, "ताई, जर्मन कुकरात आमचा मट्टा तांदूळ शिजेल का, याचा विचार करत होते."

न शिजायला काय झालं, पण त्याला वेळ लागतो. केरळचा तांबडा मट्टा काय किंवा आमचा कोकणातला उकडा काय, दोन्ही भातं आधी भाजीपाल्यासारखी निवांत रटरटली पाहिजेत. पाणी भरपूर, आच मंद. तिच्याकडे कंजी, माझ्याकडे पेज. बटण दाबून टक्‌ आवाज झाला की भात तयार, हे बासमतीच्या लोकांचं काम. ती हे विनोदानं बोलली आणि मला वाटलं, समीक्षा यापेक्षा निराळी काय असते? ज्यानं तो कुकर पाठवला त्याला आपली बायको कुठला तांदूळ खाते याची आठवण राहिली नव्हती.

इंटरव्हलचं आलंच आहे तर सांगून टाकते. या सिनेमात इंटरव्हल नाहीच मुळी, थिएटरवाल्यांनी मध्येच कापला. पार्वतीचं गावी जायचं चाललंय, मन तिकडे लागलंय, आणि खाट्‌कन दिवे. मग दहा मिनिटं जाहिराती, पॉपकॉर्नचा वास, कुणीतरी खुर्ची लाथाडतंय. त्यात शनिवार, २३ नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या निकालाचा दिवस. बाहेर गुलाल आणि डीजे. सिनेमा लागून दुसराच दिवस, तरी शो मिळाला तो सकाळी पावणेदहाचा, नाहीतर रात्री पावणेअकराचा. दोन पेन्शनर बायकांनी रात्री पावणेअकराला नेरूळ आणि डोंबिवलीहून यायचं की काय? जगभर नावाजलेल्या सिनेमाला आपल्याच शहरात अशा वळचणीच्या वेळा देतात, याचा मला राग आहे आणि तो मी इथे नोंदवते. तिकीट २८०. वसूल.

आणि हो, जिथे बसून पाहिला ते थिएटर गिरणीच्या जागेवर उभं आहे. चिमणी शोभेला ठेवलेली. पार्वती पडद्यावर वकिलासमोर बसली होती आणि मी मनात हिशेब करत होते, की माझ्या बापाचं खातं या इमारतीपासून किती अंतरावर असेल.

वकिलाचा तो प्रसंग छोटासा आहे. तो वाईट माणूस नाही. कागद आहेत का, विचारतो. लाइट बिल, रेशन कार्ड, काहीतरी. नवरा जाताना काही सांगून गेला नाही, आणि बाईनं आयुष्यभर हॉस्पिटलची भांडी सांभाळली, कागद नाही. कागद नसला तर माणूस हवेत विरून जाईल आणि कुणाला पत्ता लागणार नाही, अशा अर्थाचं पार्वती बोलते. पार्वती झालेली छाया कदम ते वाक्य काहीही न करता बोलते. रडवेला सूर नाही, भाषण नाही. गिरणगावातल्या बायका असंच बोलतात. सगळ्यात मोठी गोष्ट भाजी निवडता निवडता.

माझी आई निरक्षर होती, पण तिनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सगळं ठेवलं होतं. वडिलांचा गिरणीचा पास, तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, फंडाच्या चिठ्ठ्या, भाड्याच्या पावत्या. आम्ही हसायचो. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडानं अर्ज मागवले, तेव्हा नेमके हेच कागद मागितले. आमच्या मजल्यावर ज्यांनी डबा ठेवला नव्हता त्यांचं काय झालं, ते मी पाहिलंय. म्हणून तो प्रसंग बघताना माझ्या पोटात खरंच कळ आली. तणाची नाही.

मग एका रात्री प्रभा आणि पार्वती बिल्डरच्या फलकासमोर उभ्या राहतात. 'क्लास ही मूठभरांची मिरासदारी' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत लिहिलंय, आणि दोघी त्यावर दगड मारतात. दोन प्रौढ बायका, एक सीनियर सिस्टर. मला इतकं हसू आलं! आमच्याकडे इंचार्ज सिस्टरनं दगड मारलाय असं कुणी सांगितलं असतं तर मेट्रननं आधी मेमो दिला असता आणि मग हळूच विचारलं असतं, लागला का नेमका?

छाया कदमबद्दल थोडं सांगते, कारण आपल्या लोकांनी तिला हिशेबात उशिरा धरलं. 'फँड्री', 'सैराट'मध्ये ती होतीच. मे २०२४मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवाला ती आपल्या आईची साडी आणि नथ घालून गेली होती, आईला विमानात बसवायचं राहून गेलं म्हणून. त्या महोत्सवात या सिनेमाला ग्राँ प्री मिळालं, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मान. मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा ३० वर्षांनी गेला होता. त्याआधीचा १९९४चा 'स्वाहम', शाजी करुण यांचा. तोही मल्याळम. हे मी चेचीला सांगितलं तर तिनं मान अशी हलवली, जणू 'स्वाहम'ची कॅमेऱ्याची ट्रॉली हिनंच ढकलली होती.

ऑस्करला मात्र आपल्याकडून हा नाही, 'लापता लेडीज' पाठवला. त्यातही छाया कदम आहेच, म्हणजे कसंही झालं तरी बाई जाणारच होती. निवड समितीत तेरा जण होते आणि तेराही पुरुष. हा सिनेमा भारतात घडणारा युरोपीय सिनेमा वाटला, असं समितीचं मत पडल्याचं फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं. मी खूप विचार केला, यात युरोप कुठे आहे? कुकर सोडून. दोन नर्सिणी भाडं वाटून घेतात आणि एकीकडे महिनाअखेरीला पैसे नसतात, हा युरोप? तीन लेकरांच्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या बाईला सिस्टर गुपचूप गोळ्या देते, हा? गोळ्या मी स्वतः दिल्यात. नवऱ्याला सांगायचं नाही आणि सासूला तर नाहीच. पाकीट तांदळाच्या डब्यात लपवायचं, हेही मीच शिकवलंय. बहुधा सिनेमा हळू बोलतो म्हणून तो त्यांना परका वाटला असेल. आपल्याकडे हळू बोलणाऱ्या बाईला विचारतातच, तुम्ही कुठल्या?

हॉस्पिटल कसं दाखवलंय ते सांगायला हवं, कारण मी त्याच नजरेनं गेले होते. एक म्हातारी पेशंट आहे, तिला मेलेला नवरा दिसतो आणि ती गोळ्या घेत नाही. प्रभा तिच्याशी जशी बोलते, त्यात नाटक नाही. अशा म्हाताऱ्या प्रत्येक वॉर्डात एक असते. तिला 'असं काही नसतं आजी' म्हणायचं नसतं. आज आला होता का, काय म्हणाला, असं विचारायचं आणि बोलता बोलता गोळी पोटात घालवायची. केरळहून आलेला डॉक्टर आहे, त्याला हिंदी जमत नाही, तो कविता करतो आणि प्रभाला देतो. मनोज त्याचं नाव. त्याचं हिंदीशी चाललेलं झगडणं बघून चेची अख्ख्या थिएटरात एकटी हसत होती. तो तिला फार आवडला. मला दया आली. इथे राहायला कारण हवंय म्हणून तो प्रभाला विचारतो, आणि ती म्हणते, माझं लग्न झालंय. कुकरशी? असं मला ओरडावंसं वाटलं.

खोट काढायचीच तर एवढी, की नाईट ड्यूटीची कटकट कमी दिसते. आठ तासांनंतर टाचा कशा ठणकतात, हँडओव्हर अर्धा तास लांबला की लोकल कशी जाते. लोकल आहे मात्र, आणि खरी आहे. अनू गाडीतून शियाझला निरोप पाठवते, की ढगांमधून तुला पापे पाठवलेत, पाऊस पडला की तुझ्यापर्यंत पोचतील. माझ्या सुनेनं हे वाचून 'किती क्रिंज' असं काहीतरी म्हटलं. असू दे. वीस वर्षांच्या पोरीनं यापेक्षा शहाणं लिहिलं तर मला काळजी वाटेल.

अनू-शियाझचं प्रेम हे जागेचं प्रेम आहे. म्हणजे जागेअभावीचं. त्याच्या घरचे लग्नाला जाणार म्हणून ती बुरखा विकत घेते, घालून निघते, आणि पाऊस! गाड्या बंद, घरचे गेलेच नाहीत. मुंबईत प्रेमाचे शत्रू जात, धर्म आणि आईबाप हे सगळे नंतर. पहिला शत्रू दहा बाय बारा. मग ती दोघं गावी जाऊन एका गुहेत एकमेकांना भेटतात. तो प्रसंग धीट आहे, पण घाणेरडा नाही. थिएटरात कुणी शिटी मारली नाही, याची मला कौतुकानं नोंद घ्यावीशी वाटते.

मुंबईतला सगळा भाग निळा आहे. नर्सिणींचे कपडे निळे, पावसातल्या ताडपत्र्या निळ्या, ट्यूबलाइटचा उजेड निळा. गावी गेल्यावर एकदम जांभ्याचा तांबडा. हे कुणी सांगितलं नाही तरी डोळ्यांना कळतं. रातराणीनं पनवेल सोडलं, पहाट झाली आणि खिडकीबाहेर माती बदलली की जसं बरं वाटतं, तसं. सुरुवातीला बाजाराची, गर्दीची खरीखुरी दृश्यं आहेत आणि त्यावर वेगवेगळ्या भाषांतले आवाज. एक जण म्हणतो, इतकी वर्षं इथे राहिलो तरी याला घर म्हणायची भीती वाटते. पुढे उत्सवाच्या गर्दीवर आणखी एक आवाज येतो, गटारात राहिलात तरी रागवायचं नाही, याला म्हणे मुंबई स्पिरिट म्हणतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा चेची आणि मी तीन ड्यूट्या सलग केल्या. चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात आमच्या स्पिरिटचं कौतुक होतं. आम्हाला सुके मोजे हवे होते.

गावातला शेवटचा भाग मला पहिल्यांदा पटला नव्हता. समुद्रात बुडालेला एक माणूस किनाऱ्याला लागतो. सगळे बघत उभे, प्रभा पुढे होते, छाती दाबते, तोंडानं श्वास देते, त्याला परत आणते. इथपर्यंत मी खुर्चीच्या कडेवर होते, हात माझेही आपोआप एकावर एक आले. गावातली म्हातारी समजते की हा हिचा नवराच. आणि मग तो तिच्याशी नवऱ्यासारखा बोलायला लागतो, मल्याळममध्ये. खरा की भास, सिनेमा सांगत नाही. मला वाटलं, इतका वेळ पाय जमिनीवर होते, आता कशाला उडवता? चेची म्हणाली, "ताई, तू ती कॅसेट ऐकली नाहीस ना, म्हणून." एवढंच म्हणाली आणि उठून साडीवरचे पॉपकॉर्न झटकायला लागली.

पायल कपाडियाला स्वतःला मल्याळम येत नाही, हे मला नंतर कळलं. मुंबईची मुलगी, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची. न येणाऱ्या भाषेत सिनेमा करायचा म्हणजे भाषेचे जाणकार सोबतीला घेऊन बसायचं, एकेक वाक्य उलटसुलट करायचं. चेचीला संवादात कुठे खडा लागला नाही. ती या बाबतीत फार खट आहे. माझ्या मल्याळमला ती आजही 'वर्दी दिल्यासारखं बोलतेस' म्हणते. केरळात हा सिनेमा सप्टेंबरमध्येच लागला होता, 'प्रभयाय् निनच्चदेल्लाम' नावानं. प्रभा म्हणून, उजेड म्हणून, जे जे मनात आणलं ते. इंग्रजी नावात बाईचं नाव हरवतं. मराठी माणसाला ते फोडून सांगावं लागत नाही.

जानेवारी २०२५मध्ये तो हॉटस्टारवर आला, तेव्हा सुनेच्या मोबाइलवरून टीव्हीला लावून मी एकटीनं परत पाहिला. थांबवून, मागे नेऊन. बुडालेला माणूस प्रभाला सांगतो की कारखान्यात इतका अंधार, की उजेड कसा असतो ते मनात आणायला जावं तर येत नाही. तिथे मी थांबवलं आणि नेरूळला फोन लावला.

"चेची, अंधाराला तुमच्यात काय म्हणतात?"

"इरुट्ट. का गं, लाइट गेली?"

"नाही. आणि उजेडाला?"

"वेळिच्चम."

"कुठला ळ? बाळातला?"

"बाळातलाच. कळेतला. ठेवू का आता? गॅसवर मट्टा ठेवलाय, उतू जाईल."